अंगणातलं यंत्र

बेल्किसबाईंच्या वर्गात 'साधारण' हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी चुकून म्हणालंच, "बाई, उत्तर साधारण पन्नास येईल," की बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "साधारण तुझ्या मामाच्या घरी! इथे एक असतो, नाहीतर शून्य असतं. मधलं काही हवं असेल तर वकिलीला जा." पोरं हसायची. पण त्या इमारतीत कुणाला फुकटचा अर्धा गुण मिळाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

मेरिदा शहरातल्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या पोरांना 'संगणक कसा चालतो' हा विषय त्या कैक वर्षं शिकवत होत्या. आणि आता गंमत बघा, शिकवायचा संगणक आणि इमारतीत संगणक एक नाही! आधी प्रयोगशाळेतल्या तारा चोरीला गेल्या, मग यंत्रं गेली, शेवटी दाराचं कुलूपही गेलं. बरं, यंत्रं असती तरी चालवणार कशावर? वीज केव्हा येईल नि केव्हा जाईल ते तिचं तिलाच ठाऊक. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे आता माणसंही देश सोडून जायला लागली. शेजारच्या खोलीतला गणिताचा प्राध्यापक बोगोटात कुणाच्या तरी भट्टीवर पाव भाजत होता. बाईंची स्वतःची मुलगी चिलीत होती, आणि फोन लागला की तिचं एकच पालुपद, "आई, तिथे आता काय राहिलंय तुझं?" बाई म्हणायच्या, "माझा वर्ग." सत्र सुरू झालं तेव्हा त्या वर्गात बाकं अपुरी पडली होती. सत्र संपत आलं तेव्हा पोरं मोजायला दोन हातांची बोटं पुरत होती. कुणी पेरूत गेलं, कुणी एक्वादोरात. निरोप घ्यायला कुणी यायचं नाही. सोमवारी बाक रिकामं दिसलं की समजून जायचं.

पण बाईंकडे एक यंत्र असं होतं, जे चोराला उचलून नेता आलं नसतं. दर सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी इमारतीच्या अंगणात बाई पोरांचंच यंत्र मांडायच्या. फरशीवर खडूने चौकटी आखायच्या. एकेका चौकटीत एकेक पोर पाटी घेऊन बसणार, ही झाली यंत्राची स्मृती. पाटीवरचा आकडा किंवा आज्ञा कुणी मागितली की दाखवायची, नवी दिली की जुनी पुसून ती लिहायची, बस्स. एकजण आज्ञा आणणार. एकजण ती वाचून कुणी काय करायचं ते बोटाने दाखवणार. एकजण बेरीज करणार. आणि एकजण ठोका देणार. पातेल्यावर लाकडी डाव आपटायचा, टण्ण. ठोका पडला की ज्याने त्याने आपलं एक काम करायचं, एकच, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत गप्प उभं राहायचं. ह्या यंत्राला गुणाकार येत नाही असं धरून चालायचं. सात आठे छप्पन्न काढायचे तर सातात सात, त्यात पुन्हा सात, असं मिळवत राहायचं आणि दर फेरीला किती उरले ते तपासायचं. कुठलाही वाणी जे बोलता बोलता सांगेल ते काढायला ह्या यंत्राला तास लागायचा.

"एवढ्याशा हिशेबाला एवढी माणसं?" असं दर वेळी कुणीतरी विचारायचंच.

"तेच तर शिकायचंय, राजा," बाई म्हणायच्या. "आत कुणी शहाणा बसलेला नसतो. सगळे तुझ्यासारखेच. फक्त ते ठोका चुकवत नाहीत."

नियम दोनच, पण कडक. यंत्र चालू असताना जागा सोडायची नाही आणि शब्द काढायचा नाही. हा दुसरा नियम बघ्यांनाही लागू. कुणी बोललं की सगळ्या पाट्या पुसायच्या आणि पहिल्यापासून. एकदा खुद्द कुलगुरू अंगणातून जाताना "वा वा, छान!" म्हणून गेले, तर बाईंनी त्यांच्यादेखत पाट्या पुसायला लावल्या होत्या. तेव्हापासून लोक त्या अंगणाच्या कडेला देवळात उभं राहावं तसे उभे राहायचे.

त्या वर्षी विभागप्रमुखांनी बाईंना बोलावून सांगितलं, "बेल्किस, पुढल्या सत्रापासून हा विषय बंद. पोरंच नाहीत तर शिकवणार कुणाला?" बाईंनी भांडायला तोंड उघडलं खरं, पण समोरच्या माणसाच्या शर्टाची कॉलर उलटी करून शिवलेली दिसली, आणि बाई गप्प बसल्या. म्हणजे हे यंत्र शेवटचं. ते नीट चालावं, एकदा तरी अथपासून इतिपर्यंत जावं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. आणि ते काही केल्या होईना. तालमीत एकदा योर्हेलिस नावाच्या पोरीने शिंकून वर "माफ करा" म्हटलं. दुसऱ्यांदा जो बेरीज करायचा तो पोरगाच निघून गेला, कोलंबियात. त्याचं काम विल्करला दिलं. विल्कर म्हणजे वर्गातला वात्रट. तो म्हणाला, "बाई, मी बेरीज करीन हो, पण आता मीपण गेलो तर ते पातेलंच बसवा माझ्या जागेवर." सगळे हसले, बाई सोडून.

ह्या सगळ्यात एकच माणूस बिनचूक होता, तो म्हणजे लेओमार दुगार्ते. वर डोंगरात ला मुकुय गावात राहायचा. संत बेनितोच्या मिरवणुकीत लहानपणापासून ढोल वाजवलेला, त्यामुळे ठोक्याला त्याच्यासारखा हात नाही. तो पातेल्याशी बसला की बाकीच्यांचे पाय आपोआप वळणावर यायचे. अबोल पोरगा. घरी आई आणि तो, दोघंच. आई रामोना हृदयविकाराने खचलेली. पाय सुजायचे, उताणं झोपलं की धाप लागायची. औषध मिळालं तर दोन आठवडे बरी, नाही मिळालं की पुन्हा उशीला टेकून बसलेली. त्या महिन्यात औषध नव्हतं.

गुरुवारी तास संपल्यावर लेओमार मागे रेंगाळला.

"बाई, उद्या मी नाही आलो तर?"

"म्हणजे? तूपण चाललास?"

"नाही हो. आई. काल रात्रभर बसूनच होती. ओठ निळे दिसत होते."

"डॉक्टर?"

"दवाखान्यात नेलं तर तेच सांगतात, औषध आणा." तो पायाने फरशी घासत राहिला. "आई म्हणते जा तू. शेवटचं आहे, बाईंचं मोडू नको. शेजारची ओब्दुलियामावशी बसते म्हणाली तिच्यापाशी. पण मलाच जरा..."

इथे बाईंनी त्याच्याकडे नीट बघायला हवं होतं. ते त्यांना पुढे कितीदा तरी वाटलं. पण त्या क्षणी डोळ्यांपुढे आला तो विल्कर पातेलं बडवताना, आणि चौथ्या फेरीत कोलमडलेलं यंत्र.

"आई म्हणते तर आईचं ऐक," त्या म्हणाल्या. "सकाळचाच तर प्रश्न आहे. संपलं की मी स्वतः तुला गाडीत बसवून देते. एका सकाळीत काय होतंय?"

"बरं," लेओमार म्हणाला.

शुक्रवारी ऊन चांगलं पडलं होतं. बघ्यांमध्ये तीन-चार प्राध्यापक, झाडलोट करणारी माणसं, आणि योर्हेलिसची आजी, टोपलीत तळलेल्या करंज्या घेऊन. पोरं कमी म्हणून स्मृतीतल्या प्रत्येकाकडे दोन-दोन पाट्या. आपल्या जागी जाता जाता विल्कर ओरडला, "सात आठे छप्पन्न, मी सांगितलं! चला, करंज्या खाऊ या!" बाईंनी डोळे वटारले. मग लेओमारने डाव उचलला, बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली.

टण्ण.

आणि काय सांगू, यंत्र चाललं! पहिली फेरी गेली, दुसरी गेली. योर्हेलिस बोट दाखवत होती, विल्कर जिभेचं टोक बाहेर काढून बेरीज लिहीत होता, पाट्या वर जात होत्या, पुसल्या जात होत्या, खाली येत होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सात, चौदा, एकवीस. बाईंच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत मोठमोठे वर्ग आले, भरपूर पोरं होती, पण असं एका श्वासात चाललेलं यंत्र त्यांनी पाहिलं नव्हतं. ही उरलेली, उपाशीतापाशी, अर्धी मनाने केव्हाच सरहद्दीपलीकडे गेलेली पोरं, आणि त्यांचं हे चाललंय! बाईंना वाटलं, लेकीला हे दाखवायला हवं होतं.

अठ्ठावीस लिहून झाले तेव्हा अंगणाच्या कमानीत एक बाई येऊन उभी राहिली.

पन्नाशीची असेल. खांद्यावर घोंगडी, पायांत रबरी बूट, बुटांना डोंगरातला काळा चिखल. धावत आल्यासारखी छाती वरखाली होत होती. तिने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, अंगणभर नजर फिरवली आणि लेओमारवर येऊन थांबली. तोंड उघडलं.

बेल्किसबाईंनी हात वर केला. तळवा पुढे. थांब. आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

त्या बाईने तोंड मिटलं.

आता कुणी म्हणेल, बेल्किसबाई तिला ओळखत नव्हत्या. खरंच नव्हत्या, कधी भेटल्या नव्हत्या. पण ते बूट, तो चिखल, ती नजर कुणावर थांबली, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. त्यांना कळलं होतं. कळलं नाही असं त्या स्वतःलाही कधी म्हणाल्या नाहीत. त्यांनी मनात म्हटलं, एवढी फेरी होऊ दे. ती झाल्यावर म्हटलं, आता चारच तर राहिल्या. ती बाई भिंतीला टेकून, टोपी पोटाशी धरून उभी होती. परीक्षा चालली आहे असं तिला वाटलं असणार. वरच्या गावातल्या माणसांना विद्यापीठ म्हणजे चर्चच्या वरचं. तिथे मोठ्यांनी हात वर केला तर आपण कोण?

मग ठोका लांबायला लागला.

आधी बाईंच्या ध्यानात आलं नाही. विल्कर पुढचं पाऊल उचलून एका पायावर डगमगला, तेव्हा कळलं. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत होतं. लेओमारचा हात वर जायचा आणि तिथेच राहायचा, मग सावकाश खाली यायचा. बाईंना वाटलं, बिचारा रात्रभर जागलाय, हात दुखत असेल. त्यांनी बोटाने खूण केली, चल, चल. लेओमार त्यांच्याकडे बघत नव्हता. कमानीकडेही बघत नव्हता. पातेल्यात बघत होता. शेवटची फेरी तर संपता संपेना. योर्हेलिसच्या डोळ्यांतून उन्हामुळे पाणी वाहत होतं, पण ती पापणी हलवत नव्हती.

छप्पन्न.

योर्हेलिसने उत्तराची पाटी डोक्यावर धरली. टाळ्या पडल्या, विल्करने आरोळी ठोकली, आजीने टोपलीवरचं फडकं काढलं. बाई टाळ्या वाजवतच कमानीकडे वळल्या.

"मी ओब्दुलिया," ती बाई म्हणाली. "माफ करा हं, तुमच्या परीक्षेत आले. लेओमारला न्यायला आले. रामोनाचं काही खरं नाही. सारखी त्याचं नाव घेतेय."

लेओमारने डाव पातेल्यात ठेवला. आवाज होऊ न देता. मग उठला.

खाली येताना ओब्दुलिया बटाट्याच्या ट्रकातून आली होती. ड्रायव्हर तिच्या ओळखीचा. "पोराला घेऊन ये, मी फाटकाशी थांबतो, तसाच वर जातो," असं त्याने सांगितलं होतं. तिघं फाटकाशी आली तेव्हा तिथे ट्रक नव्हता. वाट बघून बघून तो गेला, असं पहारेकऱ्याने सांगितलं. डिझेल मोजकं होतं, पोलिसांनी उभं राहू दिलं नाही. बस तर त्या आठवड्यात कुणी पाहिलीच नव्हती. बाई रस्त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. एक मोटारसायकल थांबली. तिच्यावर लेओमारला बसवला. चढावर मोटारसायकल दिसेनाशी झाली, आणि बाई तिथेच रस्त्याच्या कडेला बसल्या.

तो पोचला तेव्हा आईचं अंग अजून कोमट होतं.

नऊ दिवस संध्याकाळी घरात माळ जपायची, तिकडची रीत. पहिल्या दिवशी वर्गातली पोरं चालत ला मुकुयला गेली. विल्कर सगळा चढ एक शब्द न काढता चढला, असं योर्हेलिसने बाईंना सांगितलं. बाई गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पाय दुखतो असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पायाला काही झालं नव्हतं. नवव्या दिवशी मात्र त्या दुपारीच निघाल्या, थोडं चालत, थोडं कुणाच्या गाडीत, आणि ऊन कलताना पोचल्या.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत पांढऱ्या कापडावर मेणबत्त्या, फुलं, रामोनाचा फोटो. शेवटची माळ झाली की हे सगळं उतरवायचं, म्हणजे गेलेलं माणूस खरंच गेलं. स्वयंपाकघरात ओब्दुलिया गुळाच्या कॉफीचं आधण बघत होती. बाईंना पाहून तिने हात पुसले आणि बसायला स्टूल दिलं.

"तुमची मी मनातून रोज क्षमा मागते, बाई," ती म्हणाली. "अडाण्यासारखी तुमच्या परीक्षेत घुसले. पण करणार काय? रामोनाने जीव खाल्ला माझा. आला का, आला का. मी म्हटलं, आणते. खाली गेले तेव्हा पलीकडच्या मारियाला बसवून गेले इथे. मारिया सांगते, शेवटपर्यंत दाराकडेच डोळे. प्रत्येक गाडीला म्हणायची, आला. शुद्ध कशी अगदी शेवटपर्यंत होती हो. तो ट्रक फाटकाशी थांबला असता तर..." आणि मग तिनेच बाईंच्या गुडघ्यावर थोपटलं. "जाऊ दे. देवाच्या मनात नव्हतं."

बाईंना ते थोपटणं सोसवेना. त्या उठल्या.

लेओमार मागच्या अंगणात कुंपणाच्या दगडांवर बसला होता. समोर बटाट्याचं शेत, त्यापलीकडे डोंगर. नऊ दिवसांत वाळला होता. बाई शेजारी बसल्या. येताना वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरल्या.

"ओब्दुलिया यंत्र संपल्यावर नाही आली," त्या म्हणाल्या. "आधीच आली होती. चौथी फेरी संपत होती. मी तिला हात करून थांबवलं. ती बोलणार होती, मी बोलू दिलं नाही. मला कळलं होतं ती कुणाकडे आलीय. यंत्र मोडेल म्हणून मी तिला उभं केलं, लेओमार. तुझ्या आईचा जीव जात होता आणि मी सात आठे छप्पन्न करत बसले होते. मला काय हवं ते बोल. मार हवं तर."

लेओमार शेताकडे बघत राहिला.

"मी पाहिलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"मावशीला. कमानीत आली तेव्हाच. ती शहरात वर्षातून एकदा उतरते, संत बेनितोला. ती कशाला येईल खाली? मला वाटलं, झालं. गेली आई. तेच सांगायला आलीय. मग तुम्ही हात वर केलात. मला इतकं बरं वाटलं, बाई. म्हटलं, जोवर ठोका चाललाय तोवर मला कुणी काही सांगू शकत नाही. मग मी लांबवला. जेवढा लांबवता येईल तेवढा. म्हटलं, गेलेलीच आहे, आता घाई कशाची."

अंगणातलं ते ऊन, तो वर थांबलेला हात, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढे आलं.

"डाव माझ्या हातात होता," लेओमार म्हणाला. "मी एकदा हात खाली ठेवला असता तर सगळंच थांबलं असतं. मला अडवलं ते तुम्ही नाही, मीच. आणि ती जिवंत होती. दाराकडे बघत होती."

"लेकरा..."

"सगळे म्हणतात, असाही पोचला नसतास. मावशी म्हणते, पाद्री म्हणतात, विल्करपण म्हणाला." आता त्याने पहिल्यांदा बाईंकडे बघितलं. "तुम्ही सांगा. मावशी दिसली तेव्हाच मी उठलो असतो. ट्रक फाटकाशी होता. पोचलो असतो?"

बाईंना 'नाही' म्हणता आलं असतं. 'साधारण' म्हणता आलं असतं: त्या वाटेवर काय, दरड येते, पोलीस अडवतात, कोण सांगणार. सगळ्या जगाने त्या पोराला तसंच सांगितलं होतं. पण हा पोरगा नऊ दिवस तोच हिशेब करत बसला होता आणि उत्तर त्याला आलेलं होतं. ते खोटं आहे असं सांगणारी माणसं घरभर होती. ते बरोबर आहे असं म्हणून त्याच्याजवळ बसणारं कुणी नव्हतं.

"पोचला असतास," त्या म्हणाल्या. "ती तुझ्याशी बोलली असती."

लेओमारने मान हलवली. एकदा, दोनदा. मग त्याचा चेहरा लहान पोरासारखा वेडावाकडा झाला आणि तो बाईंच्या खांद्यावर कोसळला. आई गेल्यापासून तो रडला नव्हता. शवपेटी खाली उतरवतानाही नाही, माती टाकतानाही नाही. बाईंनी त्याला धरलं. त्याही रडत होत्या.

दारात ओब्दुलिया आली. "चला रे, माळ सुरू करतोय. शेवटची आहे," ती म्हणाली. दोघांना तसं बसलेलं पाहून ती थोडी घुटमळली, मग बेल्किसबाईंकडे बघून तिने विचारलं, "थांबू का?"